मूल नेमके काय म्हणाले

त्या उन्हाळ्यात माझी झोप उडवली ती अकरा केबीने. कुणाला सांगितलं असतं तर हसूच आलं असतं, म्हणून मी सांगितलं नाही. पण कूलरच्या घरघरीत मी डोळे उघडे ठेवून पडून राहायचे आणि मनातल्या मनात फायलींची यादी वाचायचे. अनीशच्या आईची फाइल एकोणसाठ केबी. नाशिकच्या अरुणाची, जुळ्यांची मिळून, शंभरच्या वर. आणि यादीच्या तळाशी ‘कौमुदी, लखनऊ’, अकरा. त्या अकरातलेही निम्मे तक्त्याच्या रेघांचे असणार, असं मला वाटायचं.

कौमुदीला तेव्हा तीन वर्षं दोन महिने झाले होते आणि ती बोलत नव्हती. कान तपासले होते, जीभ तपासली होती, डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले होते. सासूबाई सांगलीहून फोनवर सांगायच्या की देवदत्तही उशिराच बोलला, आणि मग स्वतःच पुढे जोडायच्या, ‘पण इतका नाही हो.’ खाली राहणाऱ्या घरमालकीण मीनाक्षी भाभींना मात्र काडीची काळजी नव्हती. “अरे, बोलेगी, बोलेगी,” त्या म्हणायच्या, “लखनऊ में आज तक कोई चुप रह पाया है?”

दोष माझाच, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, टीव्हीवर काहीही. लग्न होऊन मी अलीगंजला आले त्या पहिल्याच आठवड्यात गॅसवाल्याने खालून ओरडून सांगितलं होतं, “भाभीजी, सिलिंडर कल,” आणि मी गॅलरीतून भांडले होते की काल तुम्ही आलाच नाहीत. इथल्या लोकांना झालेल्या दिवसाला आणि येणाऱ्या दिवसाला मिळून एकच शब्द पुरतो, हे देवदत्तने मला पोट धरून हसत समजावलं. अशा आईच्या मुलीने आधी कोणता शब्द उचलायचा?

म्हणून तर मी तो कोर्स घेतला. पुण्याच्या एका संस्थेची बालशिक्षणाची पदविका, सगळी इंटरनेटवरून. देवदत्त संशोधन संस्थेत काम करतो, त्याच्या हाताला अशा गोष्टींची सवय. दर वेळी वेबसाइट उघडा, पासवर्ड द्या, फाइल उतरवून घ्या, भरा आणि पुन्हा चढवा, हा माझा खटाटोप दोन दिवस पाहून तिसऱ्या दिवशी त्याने काहीतरी केलं, आणि आमच्या संगणकावर सी आणि डी यांच्या खाली एक नवीन चित्र आलं, ज्याच्या बुडाशी तार जोडलेली होती. झेड ड्राइव्ह.

“हे बघ, पुण्यातलं कपाट तुझ्या घरात आणून ठेवलं,” तो म्हणाला. “दार उघड, फाइल काढ, लिही, ठेव. उतरवायचं नाही, चढवायचं नाही.”

“म्हणजे ती इथे आहे?”

“इथे दिसते. आहे तिकडे. इथे लिहिलंस की तिकडेच लिहिलं जातं, आपल्याकडे प्रतसुद्धा राहत नाही.” आणि माझा चेहरा बघून, “अगं, घाबरायचं काय त्यात?”

त्या कपाटात प्रत्येक आईची एक फाइल होती आणि प्रत्येकीची सगळ्यांना दिसायची. बारा आठवड्यांची नोंदवही. डावीकडे तारीख, मध्ये प्रसंग, आणि उजवीकडच्या रुंद रकान्यावर मथळा: ‘मूल नेमके काय म्हणाले.’ आमच्या सुचित्रा मॅडमनी खाली ठळक अक्षरांत बजावलं होतं, ‘तुम्हाला काय वाटले ते लिहू नये.’ माझ्या उजव्या रकान्यात आठ आठवडे ‘अं’ होता. पाचव्या आठवड्यात मी एकदा ‘अंऽ’ लिहिलं होतं, तेवढीच प्रगती.

ती मुकी नव्हती हो. कशी सांगू? तिला सगळं कळायचं. संध्याकाळी देवदत्तची स्कूटर वाजली की ती दाराशी पळायची, तो हेल्मेटही न काढता गुडघ्यावर बसून गंभीर आवाजात विचारायचा, “कौमुदीबाई, आई कुठंय?” आणि मी समोर कणीक मळत असो की त्याच्या नाकासमोर उभी असो, ती ते इवलं बोट माझ्याकडे रोखायची. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, रोज एकच प्रश्न विचारत जा, एक दिवस बोटाऐवजी शब्द येईल. तो बिचारा वर्षभर विचारत होता. ते बोट माझ्याकडे वळलं की दिवसभराचा शीण उतरायचा, हे मात्र खरं. कुणीतरी रोज संध्याकाळी आपल्याला नक्की दाखवून देतं, याचंही एक सुख असतं.

नवव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी, दुपारी, ती झोपली असताना मी खोटं लिहिलं. परसातल्या पेरूवर खार होती, खिडकीतून मला ती दिसत होती, आणि माझ्या बोटांनी लिहून टाकलं: ‘प्रसंग: खिडकीत उभी असता.  मूल म्हणाले: खारूताई, तुझी आई कुठे गेली?’ लिहिलं, सेव्ह केलं आणि चोरी केल्यासारखी उठून मी पाणी प्यायले. परत येऊन पाहते तो अकराचे बारा झाले होते.

बुधवारी सकाळी मी दूध तापवत होते. कौमुदी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. कुणीतरी अगदी स्वच्छ, जरासा घोगरा, झोपेतून उठल्यासारखा आवाज लावून म्हणालं, “खारूताई, तुझी आई कुठे गेली?”

दूध उतू गेलं. मी तिला उचलून घेतलं, तिचे गाल, कपाळ, कान, जिथे ओठ पडतील तिथे पापे घेतले, रडले, देवदत्तला ऑफिसात फोन करून त्याच्या हसण्यात पुन्हा रडले. मीनाक्षी भाभींनी वर येऊन तिच्या हातावर बर्फीचा तुकडा ठेवला आणि मला म्हणाल्या, “देखा? और तुम यूँ ही दुबली हुई जा रही थीं.” तो योगायोग, असं मी स्वतःला सांगितलं. नाहीतर ती झोपेत असताना मी ते वाक्य मोठ्याने वाचत टाइप केलं असेल आणि तिने ते ऐकलं असेल. मला तशी सवय आहे. झालं तर मग, खोट्याचं खरं झालं, फक्त तारीख एक दिवस मागची. पण यापुढे खोटं म्हणून लिहायचं नाही, अशी शपथ मी देवापुढे उभी राहून घेतली आणि पाळलीही.

शुक्रवारी मी कणीक भिजवून वर ताट झाकलं. कौमुदी ओट्याला हनुवटी टेकून म्हणाली, “कणीक झोपली.” मी हात न धुताच आतल्या खोलीत संगणकाकडे पळाले. तार जोडलेलं ते चित्र उघडलं, फाइल उघडली आणि शेवटच्या ओळीशी थांबले. ओळ भरलेली होती. ‘प्रसंग: कणकेवर ताट झाकलेले पाहून.  मूल म्हणाले: कणीक झोपली.’

पूर्णविरामानंतर मी दोनदा स्पेस देते. सांगलीच्या टायपिंग क्लासमध्ये लागलेली खोड आहे, देवदत्त त्यावरून मला चिडवतो. तिथे दोन स्पेस होत्या.

मी कधी लिहिलं हे? फाइलवरची वेळ पाहिली: गुरुवार, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. गुरुवारी दुपारी दोन ते पाच आमच्या गल्लीत लाइट नव्हती. शिवाय गुरुवारी घरात कणीकच भिजली नव्हती, आम्ही खिचडी खाल्ली होती.

“सर्व्हरचं घड्याळ मागे असेल,” देवदत्त जेवताना म्हणाला. “तू आजच लिहिलंस, त्याने कालची वेळ टाकली.”

“पण मी लिहायला गेले तेव्हा ते होतं.”

“संपदा, परवा तू फोडणीत साखर घातलीस आणि मला म्हणालीस मी घातली.” त्याने माझ्या ताटातली लोणच्याची फोड उचलली. “मुलगी बोलायला लागली. आता तरी झोप.”

आणि खरंच, काय बोलायची ती! धरण फुटल्यासारखी. पंख्याला ‘गरगर आजोबा’ म्हणायची. देवदत्तच्या टकलाला हात लावून, ‘इथे केस उगवणार?’ भाभींकडून वर येताना हिंदी घेऊन यायची आणि जिन्यावरच तिचं मराठी करून टाकायची. त्यातच तो घोटाळा झाला. सोमवारी ती टाळ्या पिटत म्हणाली, “काल आंटी पुरी देणार!” दुसऱ्या दिवशी जेठ महिन्यातला मंगळवार, आमच्याकडे त्याला बडा मंगल म्हणतात, रस्तोरस्ती मांडव घालून लोक येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-सब्जी आणि सरबत देतात. भाभी तिला ‘कल पूड़ी खिलाएँगे बिटिया’ म्हणाल्या असणार.

“काल नाही गं, उद्या,” मी म्हटलं.

“असू दे,” देवदत्त चपला घालता घालता म्हणाला. “लखनऊची मुलगी आहे. इथे काल येतो आणि उद्या जातो.”

मी हसले. तो ऑफिसला गेला, कौमुदी भाभींकडे खाली गेली, आणि मी ते गोड वाक्य लिहायला बसले. आता मला ठाऊक होतं की ते आधीच लिहिलेलं असणार. गेले दहा दिवस तसंच चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची सवयही झाली होती. कुणीतरी माझंच काम माझ्याआधी, माझ्याच शब्दांत आणि माझ्याइतक्याच मायेने करून ठेवत होतं. फाइल चौसष्ट केबीची झाली होती. मी नुसतं वाचायचे आणि बंद करायचे.

पुरीचं वाक्य होतं. पण त्याच्याखाली आणखी एक ओळ होती, तारीख मंगळवारची.

‘प्रसंग: आज मुलाला काल आणि उद्या यांतला फरक नेमका कळला.  संध्याकाळी वडील घरी आले.  त्यांनी नेहमीप्रमाणे विचारले, आई कुठंय?  मूल म्हणाले:’

आणि पुढे काही नव्हतं.

मी ओळ दोनदा वाचली. एक साधं वाक्य होतं ते, रोजच्यासारखं. तरीही मी ती तिसऱ्यांदा वाचली. रोज तो विचारतो आणि रोज ती बोट दाखवते. बोट दाखवलं तर शब्द लागत नाही. शब्द कधी लागतो?

मी कर्सर त्या विसर्गासारख्या दोन टिंबांच्या पुढे नेला आणि ‘ही बघा इथे’ असं लिहू लागले. शपथ मोडत होते, मोडू दे. पण अक्षर उमटेना. संगणकाने एक चौकट समोर आणली: ही फाइल सध्या ‘संपदा’ यांनी उघडलेली आहे, तुम्हाला ती फक्त वाचता येईल.

मी फाइल बंद केली, उघडली. तेच. संगणक बंद करून चालू केला. तेच. शेवटी पुण्याला सुचित्रा मॅडमना फोन लावला.

“होतं असं,” त्या समजुतीने म्हणाल्या. “उघडी असताना लाइट गेली की कुलूप तसंच राहतं. तुम्हीच स्वतःला बाहेर ठेवता. तुमच्याकडे बंद करा, म्हणजे सुटेल.”

“मी बंद केली आहे, मॅडम.”

“थांबा, मी इथून बघते.” माऊसचे आवाज आले. “नाही हो, उघडी आहे तुमची. मलासुद्धा नुसती वाचताच येते आहे. काय सुरेख लिहिताय पण! बाकीच्यांना मी तुमचीच फाइल वाचायला सांगते.” मग त्या हसल्या. “अहो, लिहा, लिहा. आधी पुरं करा तुम्ही, मग बोलू. मघाशी मी उघडली तेव्हा ‘वडील घरी आले’पर्यंतच होतं.”

मी फोन ठेवला. टेबलाखाली वाकले, इंटरनेटची तार ओढून काढली, आणि मग संगणकाचीही. दोन्ही तारा फरशीवर तशाच टाकल्या. देवदत्तला मी यातलं काही बोलले नाही. काय बोलणार होते? की मला माझीच भीती वाटते? त्याने प्रेमाने ऐकून घेतलं असतं आणि सांगलीला फोन करून आपल्या आईला बोलावून घेतलं असतं.

मंगळवारी सकाळी तो गेला तेव्हा मी दिवसभराचा बेत ठरवून ठेवला होता. घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. कौमुदीला नजरेआड होऊ द्यायचं नाही. आणि तिला तो शब्द पक्का शिकवायचा, कारण तिला जे म्हणायचं आहे ते ‘उद्या’बद्दल असेल आणि ती ‘काल’ म्हणून बसेल, तर ऐकणाऱ्याचा नको तो समज व्हायचा. एवढं मला माझ्या भीतीतून कळलं होतं.

मी बेसनाचा एक लाडू तिच्या वाटीत ठेवला आणि तिला तो खाऊ दिला. मग रिकामी वाटी दाखवली. “लाडू होता ना? आता नाही. झोपलो, उठलो, की याला म्हणायचं, काल होता.” मग बरणीचं झाकण लावलं. “आणि हे लाडू आज खायचे नाहीत. झोपायचं, उठायचं, मग मिळणार. म्हणजे उद्या.”

“काल मिळणार,” ती म्हणाली.

“उद्या मिळणार.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या ओठांवर बोट ठेवलं आणि ओठ हलतात तसं बोट हलू दिलं. “उद्या.”

किती गोड होता तो दिवस! तीन-चार तास आम्ही तेच खेळलो. कालचा फ्रॉक, उद्याचा फ्रॉक. काल आलेला पाहुणा, उद्या येणारा बुधवार. ती चुकली की स्वतःच डोक्यावर टपली मारायची. रस्त्यावरच्या मांडवात भोंगा लागला होता, गरम वारा पुरीच्या तेलाचा वास घेऊन खिडकीतून आत येत होता, आणि माझ्या मांडीवर बसून माझी मुलगी दिवस मोजायला शिकत होती. चारच्या सुमाराला मी रात्रीसाठी कणीक मळायला घेतली. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बाहुलीला शिकवत होती, “काल म्हणजे गेलं. उद्या म्हणजे येणार. कळलं का गं?” एकदाही चुकली नाही.

मीनाक्षी भाभी पुरी-सब्जीचा द्रोण आणि सरबताचा पेला घेऊन वर आल्या. दार उघडंच होतं. मी कणकेचे हात वर धरून म्हटलं, “आइए न भाभी.” भोंग्यामुळे त्यांना ऐकू गेलं नसेल. त्यांनी द्रोण कौमुदीच्या हातात दिला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि आतल्या खोलीच्या दाराकडे पाहून आवाज एकदम खाली आणला.

“मम्मी लिख रही हैं? अच्छा, अच्छा. लिखने दो, तंग मत करना.”

आणि चपला न वाजवता त्या खाली उतरून गेल्या.

मी आतल्या खोलीत गेले नाही. स्वयंपाकघरातून त्या दाराची अर्धी चौकट आणि फरशीवर पडलेली तार दिसत होती. तेवढ्याकडे पाहत मी कणीक मळत राहिले. भोंगा मध्येच थांबला की कळा दाबल्याचा बारीक आवाज येतोय असं वाटायचं, मग भोंगा पुन्हा लागायचा. मॅडम सांगतात ते खरंच आहे, मी स्वतःला सांगितलं, तुम्हाला काय वाटले ते लिहू नये.

सहाला स्कूटर वाजली. मी हात धुतले, पदराला पुसले आणि बाहेरच्या खोलीच्या मधोमध, दिव्याखाली, वेताच्या मोड्यावर जाऊन बसले, कौमुदीपासून हातभर अंतरावर, कुणालाही चुकूनसुद्धा चुकता येणार नाही अशी. स्वतःचं हसूही येत होतं. रोज सापडते ती आई आज सापडावी म्हणून नटून बसली आहे.

देवदत्त आत आला. हेल्मेट तसंच, घामाने शर्ट चिकटलेला. तो गुडघ्यावर बसला आणि गंभीर आवाज काढून म्हणाला, “कौमुदीबाई, आई कुठंय?”

कौमुदीने बाहुली खाली ठेवली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, नीट, बराच वेळ, दुपारी शब्द शिकताना पाहत होती तसं, आणि मी तिच्याकडे बघून हसले. बोट वर आलं नाही. तिने पुन्हा बाबाकडे तोंड केलं, आठवून पाहिल्यासारखं केलं, आणि एकही चूक न करता म्हणाली,

“काल होती.”